धावेपासून टॉर्क पान्यापर्यंत : धारणीच्या वाटेवरचा आवळण्याचा इतिहास

गाडीचे चाक किती घट्ट बसवावे, हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. सैल चाक निखळते आणि प्रमाणाबाहेर आवळलेले स्वतःच्याच ताणाने तडकते. या दोहोंमधली नेमकी जागा शोधण्याचे कसब आधी लोहाराकडे होते, मग ते फिटर आणि गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेले आणि शेवटी मोजपट्टी असलेल्या पान्यात उतरले. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला पोचणाऱ्या आणि पुढे बुऱ्हाणपूरकडे निघणाऱ्या वाटेवर या तिन्ही काळांतली वाहने चालली. अमरावतीहून धारणी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला घाट, ओढेनाले आणि मैलोगणती सागाचे जंगल लागते. अशा ठिकाणी चाक निसटले तर मदत जवळ नसते, त्यामुळे आवळण्याचे माप येथे पहिल्यापासून महत्त्वाचे राहिले आहे.

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीच्या चाकाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांना धरणारे पुठ्ठे हे सगळे लाकडाचे असते. त्यात नट-बोल्ट नसतो. या तुकड्यांना एकत्र आवळून धरते ती बाहेरची लोखंडी धाव. लोहार धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतो. मग गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवतात, सांडशींनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ३.८ मीटर भरतो. एवढ्या लांबीचे लोखंड पाचशे अंशांनी तापले तर सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास लांबते. निवताना ते तेवढेच आखडू पाहते, पण आत लाकूड असल्यामुळे त्याला पुरते आखडता येत नाही. उरलेला ताण धावेत कायम राहतो आणि आरे, पुठ्ठे, तुंबा एकमेकांत गच्च दाबले जातात.

म्हणजे धाव चढवणे ही ताण देऊन जोड बांधण्याचीच क्रिया होती, आणि तिचे माप लोहार धावेच्या लांबीतून ठरवत असे. घेर फार कमी ठेवला तर आरे वाकत, जास्त ठेवला तर धाव उन्हाळ्यात निसटे. वैशाखात लाकूड सुकून आखडले की चाके खुळखुळू लागत, तेव्हा बंडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून लाकूड फुगवण्याचा उपाय होता. तेवढ्याने भागले नाही तर धाव काढून, कापून, पुन्हा जोडावी लागे. गावात लोहार नसेल तेथे फिरते घिसाडी हे काम करत. मेळघाटातले सागाचे ओंडके परतवाड्याच्या लाकूडबाजाराकडे नेणाऱ्या गाड्यांची भिस्त याच कसबावर होती. हे माप कोणी लिहून ठेवत नव्हते. ते बापाच्या हातून मुलाच्या हाती जाई.

मळसूत्राचा, म्हणजे आटे पाडलेल्या बोल्टचा, वऱ्हाडात मोठ्या प्रमाणावर शिरकाव झाला तो कापसामुळे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकी यादवी युद्धामुळे इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने ठिकठिकाणी उभे राहिले. सरकी काढणारी यंत्रे, गाठी दाबणारे प्रेस, वाफेची इंजिने यांच्यासाठी पान्याने काम करणारा माणूस लागू लागला, आणि लोहाराच्या शेजारी फिटर हा नवा कारागीर आला.

फिटरच्या हातात आलेले बोल्ट एका मापाचे होते, ही त्या काळातली नवी गोष्ट होती. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला ठरावीक आटे अशी पद्धत मांडली. त्यामुळे एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसू लागला. मात्र नट कोणता बसेल हे ठरले तरी तो किती आवळावा हे ठरलेले नव्हते. फिटर ते पान्याच्या लांबीवर आणि आपल्या मनगटावर सोपवत असे. पाना बनवणाराही हिशोब ठेवूनच लांबी ठरवी. लहान नटाचा पाना आखूड आणि मोठ्याचा लांब, म्हणजे साधारण ताकदीच्या माणसाच्या हातून बोल्ट तुटू नये. पान्यावर पाईप चढवून आवळले की ही सगळी काळजी वाया जाते.

नट आवळताना बोल्टमध्ये नेमके काय घडते, हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. बोल्ट ही अतिशय ताठ स्प्रिंग असते. नट फिरवला की बोल्ट केसाच्या जाडीइतका ताणला जातो आणि हाच ताण जोडलेले भाग एकत्र दाबून धरतो. रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे ताण वाढेल त्या प्रमाणात लांबी वाढते, येथेही लागू पडतो. अडचण अशी, की हा ताण बाहेरून दिसत नाही. मोजता येतो तो फक्त पान्याला दिलेला पीळ, म्हणजे टॉर्क. हातातला जोर गुणिले पान्याची लांबी एवढाच त्याचा अर्थ. या पिळातला सुमारे निम्मा भाग नटाच्या तळाशी होणाऱ्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांतल्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. १२ मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर पीळ दिला, तर त्यात सुमारे चार टन वजनाइतका ताण येतो. त्याच आट्यांना तेल लागलेले असेल तर तेवढ्याच पिळात ताण सुमारे एक-तृतीयांशाने वाढू शकतो. उलट आटे गंजलेले असतील तर घर्षण जास्त जोर खाते आणि जोड सैल राहतो.

हा पीळ मोजणारे हत्यार अमेरिकेत तयार झाले, आणि त्याची सुरुवात मोटारीतून झाली नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार याला मोठ्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कोठे सैल, कोठे अतिघट्ट आढळत. ते एकसारखे आवळावेत म्हणून १९१८ मध्ये आपण पीळ मर्यादित ठेवणारे साधन बनवले, असे त्याने पुढे सांगितले. मोजणाऱ्या पान्याच्या पेटंटसाठी शिकागोच्या जॉन शार्प याने १९३१ मध्ये अर्ज केला. १९३५ मध्ये बार आणि जॉर्ज फेफर्ले यांनी ठरावीक पीळ येताच आवाज देणाऱ्या, मापे बदलता येणाऱ्या पान्याचे पेटंट घेतले. दांडी वाकते आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो, अशा सरळ रचनेचा पाना क्रायस्लर मोटार कंपनीच्या कामातून घडला. तो बनवण्याचा परवाना मिळालेल्या पॉल स्टर्टेव्हंट याने १९३८ मध्ये त्याचे पेटंट घेऊन तो बाजारात विकायला आणला. काट्याने आकडा दाखवणारा आणि खटका वाजवणारा असे आजच्या बाजारातले दोन मुख्य प्रकार याच दशकातले आहेत.

क्रायस्लरचे नाव महाराष्ट्रातल्या मोटारधंद्याशीही जोडलेले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ गाड्या जोडायला सुरुवात झाली. त्याच सुमारास महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात राहिला आणि एस.टी.च्या जाळ्याशी जोडला गेला. मेळघाटच्या रस्त्यांवर वनखात्याच्या जीपा, लाकडाचे ट्रक आणि एस.टी. बसगाड्या बंडीच्या बरोबरीने धावू लागल्या. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला, तेव्हा जंगलातली जीपची फेरी रोजच्या कामाचा भाग झाली.

या गाड्यांनी मिस्त्रीच्या पेटीत गोंधळ आणला. विलीज जीपचे आटे अमेरिकी इंची मापाचे होते, ब्रिटिश बनावटीच्या जुन्या यंत्रांचे व्हिटवर्थ पद्धतीचे, तर मर्सिडीजच्या वळणाच्या ट्रकांचे मिलिमीटरमधले. जवळच्या मापाचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होत. जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना तर उलटे आटे होते. चाकाच्या फिरण्याने नट सैल पडू नये, ही त्यामागची कल्पना. ज्याला हे माहीत नसे तो नट सोडायच्या भरात अधिकच आवळी आणि बोल्ट मोडून बसे. टॉर्क पाना अशा गॅरेजमध्ये सहसा नव्हता. तो महाग होता, आणि त्याच्यावर लावायचे आकडे गाडीबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेत होते. मिस्त्रीचे माप वेगळे असे. रिंग पाना घ्यायचा, दोन्ही हातांनी आवळायचे आणि शेवटी अंगाचा एक झटका द्यायचा. जाड लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड आणि जाड गॅस्केट अशा इंजिनांना हा अंदाज बऱ्याच वेळा पुरला, कारण त्या यंत्रांत चूक सोसण्याइतकी जाडी होती.

जास्तीत जास्त घट्ट म्हणजे उत्तम, ही समजूत मात्र तेव्हाही खरी नव्हती. धारणी तालुक्याच्या कडेने, धूळघाटातून जाणाऱ्या अकोला–खंडवा मीटरगेज लोहमार्गावर याचे उदाहरण होते. डोंगर चढण्यासाठी धूळघाटाजवळ हा मार्ग स्वतःभोवती वेढा घेत असे. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये या भागातली मीटरगेज वाहतूक बंद झाली. दोन रुळांच्या सांध्यावरच्या पट्ट्यांचे, म्हणजे फिशप्लेटचे, बोल्ट सांधा धरेल इतके आवळायचे असतात, पण रूळ उन्हात लांबला तर सरकू शकेल इतकी ढिलाई ठेवायची असते. ते गच्च बांधले तर उन्हाळ्यात रूळ वाकण्याचा धोका असतो. धावेच्या घेरात लोहाराने राखलेला बेत आणि फिशप्लेटच्या बोल्टात गँगमनने राखलेला बेत यांच्यामागे एकच विचार आहे. प्रत्येक जोडाला त्याचे स्वतःचे माप असते.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि छोट्या, हलक्या गाड्यांचा काळ सुरू झाला. वजन वाचवण्यासाठी इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे, भिंती पातळ, बोल्ट बारीक झाले. ॲल्युमिनियममधले आटे पोलादी बोल्टपुढे मऊ पडतात. जरा जास्त जोर लागला की ते उपटून येतात आणि मग नवे आटे पाडून त्यात इन्सर्ट बसवावे लागते. हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळले नाहीत तर हेड वाकते आणि गॅस्केटमधून पाणी किंवा कॉम्प्रेशन फुटते. सेमाडोहचा घाट चढताना तापलेल्या इंजिनात अशी कमतरता लवकर उघडी पडते. डिस्क ब्रेक आले तेव्हा चाकाचे नट असमान आवळल्याने डिस्क एकीकडे ताणली जाऊन ब्रेक थरथरू लागणे, ही नवी तक्रार आली. या टप्प्यावर टॉर्क पाना शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमधली शोभेची वस्तू न राहता गरजेचे हत्यार झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या मोटार मेकॅनिकच्या शिक्षणातही तो आला.

आकड्यांची भाषाही याच काळात बदलली. जीपच्या पुस्तिकेत फूट-पाउंड होते. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आल्यावर किलोग्रॅम-मीटर रूढ झाले आणि आता न्यूटन-मीटर चालते. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, आणि एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तिकेत ८५ न्यूटन-मीटर लिहिलेले असताना पान्यावर ८५ फूट-पाउंड लावले तर प्रत्यक्षात ११५ न्यूटन-मीटर पीळ पडतो. पान्याच्या दांड्यावर बऱ्याचदा दोन मापांच्या पट्ट्या असतात, त्यामुळे ही चूक सहज होते.

आज स्वतःच्या गाडीसाठी किंवा लहान गॅरेजसाठी पाना निवडताना तीन प्रकार समोर येतात. काट्याचा पाना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत साधा. त्यात फिरणारा भाग जवळजवळ नाही, दांडीचे पोलाद थकत नाही, आणि काटा शून्यावर नसेल तर तो हलकेच वाकवून परत आणता येतो. आकडा सरळ समोरून वाचावा लागतो. बाजूने पाहिल्यास वाचन चुकते आणि अंधाऱ्या, अडचणीच्या जागी ते जमतच नाही. खटक्याच्या पान्यात मूठ फिरवून माप लावतात. तेवढा पीळ आला की आतली स्प्रिंग सुटून खटका बसतो, त्यामुळे डोळे मोकळे राहतात. त्याची किंमत अधिक असते आणि काळानुसार स्प्रिंग मापातून उतरते. तिसरा इलेक्ट्रॉनिक पाना आकडा पडद्यावर दाखवतो, पण तो सर्वांत महाग असतो आणि बॅटरीवर चालतो. कमी पैशांत अचूकता हवी असेल तर काट्याचा चांगला पाना हलक्या दर्जाच्या खटक्याच्या पान्यापेक्षा भरवशाचा ठरतो, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

किमतीनंतर पाहायचा तो पल्ला. सगळ्या कामांना एकच पाना पुरत नाही. छोट्या मोटारींच्या चाकांचे नट बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. त्याला सॉकेट बसवायच्या अर्धा इंची चौकोनाचा, सुमारे ४० ते २०० न्यूटन-मीटर पल्ल्याचा पाना योग्य. इंजिनावरच्या झाकणांचे बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात आणि त्यांना पाव किंवा तीन-अष्टमांश इंची चौकोनाचा लहान पाना लागतो. मोठ्या पान्याच्या पल्ल्याच्या अगदी तळाशी वाचन अविश्वसनीय असते, म्हणून हवा असलेला आकडा पल्ल्याच्या मध्यावर किंवा वरच्या भागात यावा. खटक्याच्या, मापे बदलता येणाऱ्या पान्यांना आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ प्रमाणे १० न्यूटन-मीटरच्या वर चार टक्के आणि त्याखाली सहा टक्के एवढीच चूक चालते. या मानकाचा उल्लेख आणि त्या विशिष्ट पान्याचा क्रमांक असलेले तपासणीपत्रक सोबत असेल, तर जास्त दिलेल्या पैशांना अर्थ आहे. नुसत्या चकचकीत डब्याला तो नाही.

चांगला पानाही वापर चुकला तर खोटे सांगतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, कारण मेळघाटच्या पावसात आणि धुळीत गंज लवकर धरतो. पुस्तिकेत सांगितल्याशिवाय तेल लावू नये. चाकाचे नट हाताने बसवून, समोरासमोरच्या क्रमाने, आधी थोडे आणि मग पूर्ण आवळावेत. मूठ नेमून दिलेल्या जागीच धरावी आणि पाना सावकाश ओढावा. खटका एकदाच ऐकावा. दोनदा-तीनदा खटका वाजवला तर तेवढा जादा पीळ पडतो. टॉर्क पान्याने गंजलेला नट सोडवू नये, त्याला पाईप लावू नये. काम संपल्यावर खटक्याच्या पान्याचे माप पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावे, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. त्या आकड्याच्याही खाली सैल करू नये. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासण्याची पद्धत आहे, आणि घाटातल्या प्रवासाआधी ती पाळणे हिताचे असते.

आयएसओच्या शिफारशीप्रमाणे पान्याची तपासणी १२ महिन्यांनी किंवा सुमारे ५,००० वेळा वापर झाल्यावर करायची असते. ही सोय मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत असते आणि त्या मोठ्या शहरांत आहेत. धारणीसारख्या गावात ढोबळ पडताळणी वजनांवर करता येते. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये धरून दांडा आडवा ठेवायचा. चौकोनाच्या मध्यापासून मुठीवरच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्या खुणेवर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले वजन टांगायचे. अंतर ४० सेंटीमीटर आणि वजन २० किलो असेल तर पीळ ८ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ७८.५ न्यूटन-मीटर होतो. दांड्याचे स्वतःचे वजन त्यात दोन-अडीच न्यूटन-मीटरची भर घालते, ती धरून पाना सुमारे ८१ ला खटका द्यायला हवा. खटका त्याच्या आसपास, तीन-चार न्यूटन-मीटरच्या आत बसला तर स्वस्त पानाही चाकांच्या कामाला चालतो. त्याहून जास्त चुकला तर तो महाग असला तरी दुरुस्तीला पाठवावा लागतो.